अठ्ठावन्न नंबरची चिठ्ठी

सरकारी कचेरीच्या फाटकाबाहेर डाव्या हाताला एक पत्र्याचं छप्पर आहे. त्याच्याखाली एक टेबल, एक खुर्ची आणि एक स्टूल एवढी मालमत्ता मांडून अर्जकाका गेली एकतीस वर्षं बसत आले आहेत. खुर्ची त्यांची, स्टूल गिऱ्हाइकाचं. टेबलावर काळा टाइपरायटर, त्याच्या पोटात एक खोडकर 'र'. बाकीची अक्षरं ओळीत शहाण्यासारखी बसतात आणि हा पठ्ठ्या दर वेळी जरा वर उडी मारतो. कचेरीतले जुने कारकून कागद हातात घेतल्याबरोबर त्या 'र'कडे बघतात आणि म्हणतात, अर्जकाकांचा कागद आहे, म्हणजे पुरता असणार.

शेजारच्या टेबलावर सहा वर्षांपूर्वी एक प्रिंटरवाला येऊन बसला. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काकांचं दुकान बंद. काकांनाही दोन रात्री तसंच वाटलं. पण झालं भलतंच. प्रिंटरवाला तुम्ही जे सांगाल ते छापून देतो, आणि लोकांची खरी अडचण ही की आपल्याला काय सांगायचंय हेच त्यांना ठाऊक नसतं. त्यामुळे माणसं आधी काकांच्या स्टुलावर येतात आणि मग छायाप्रत काढायला प्रिंटरवाल्याकडे जातात. दोघांचं बरं चाललं आहे.

काकांची एक ठरलेली पद्धत आहे. गिऱ्हाईक स्टुलावर टेकलं की ते कागद रोलरमध्ये घालतात आणि तीन प्रश्न विचारतात. काय झालं? कोणी केलं? काय हवंय? पहिल्या प्रश्नावर माणूस अर्धा तास बोलतो, दुसऱ्याला इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतो, आणि तिसऱ्याला हमखास गप्प होतो. जमिनीवरून भावाशी भांडून आलेला धिप्पाड गडीसुद्धा 'काय हवंय' म्हटलं की स्टुलावर चुळबुळ करायला लागतो. काका थांबतात. घाई करत नाहीत. उत्तर आलं की कच्चा खर्डा वगैरे भानगड नाही, थेट टकटक सुरू. आणि बाहेर पडणारा कागद तीनपैकी एका जातीचा असतो: विनंती, तक्रार नाही तर प्रतिज्ञापत्र. माणसाच्या जन्मातलं कुठलंही काम या तिन्हीच्या बाहेर जात नाही, असं काकांचं ठाम मत होतं. होतं म्हणायचं, कारण मागच्या महिन्यात त्यांच्या मुलीनं ते मोडीत काढलं.

ही मुलगी एकुलती एक. तिची आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर काम करते, कधी सकाळी, कधी दुपारी. त्यामुळे लहानपणी शाळा सुटली की पोरीची रवानगी थेट काकांच्या टेबलाखाली. तिथे दप्तरावर बसून ती गृहपाठ करायची आणि वरून जगाची गाऱ्हाणी ऐकायची. काकांना या गोष्टीची कायम लाज वाटत आली. आपल्या मुलीचं बालपण फाटकाबाहेर, लोकांच्या चपला बघत गेलं, असं ते कधीतरी बायकोजवळ म्हणायचे. बायको म्हणायची, पोरीला विचारलंत का कधी? ते काही त्यांनी विचारलं नव्हतं.

त्या काळात कचेरीचं दार उघडलं की नुसती झुंबड उडायची. ज्याची कोपरं टोकदार तो आत पहिला. एके दिवशी एक म्हातारी सकाळी आठला येऊन दुपारी चारला तशीच परत जाताना नऊ वर्षांच्या या पोरीनं टेबलाखालून पाहिली. दुसऱ्या दिवशी तिनं काकांच्या रद्दी कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर एक ते शंभर आकडे घातले, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरल्या आणि शाळेला सुट्टी लागलेली होती म्हणून सकाळपासून फाटकात उभी राहिली. येईल त्याच्या हातात चिठ्ठी. लोक आधी हसले. मग एक बडं प्रस्थ गाडीतून उतरलं आणि तरातरा आत निघालं, तर हिनं त्याच्यापुढे डबा धरून सांगितलं की तुमचा चौदावा नंबर. काका खुर्चीतून उठले. पण त्या गृहस्थांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा मागे हसू दाबून उभ्या असलेल्या तेरा माणसांकडे पाहिलं आणि चिठ्ठी घेतली. दारावरच्या शिपायानं तो डबा त्याच दिवशी दत्तक घेतला. आजही सकाळी तो त्यातूनच चिठ्ठ्या देतो, आणि चिठ्ठीशिवाय उंबरा ओलांडू देत नाही. चिठ्ठ्या फाटल्या की मुलगी नव्या कापून देते. फाटकाबाहेर तिचं नावच पडलंय, नंबरवाली.

तर ही नंबरवाली आता साडेसतरा ओलांडून पुढे गेली होती आणि तिला लष्करी अकादमीत जायचं होतं. धावण्यात ती पहिली नव्हती, पण शेवटपर्यंत धावायची. अभ्यासात बरी होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती, तेव्हा मोठं कोडं सुटलंच होतं. उरला होता प्रवेशाचा फॉर्म, आणि त्यात मागितलेलं एक निवेदन. उमेदवाराला या अकादमीत का यायचं आहे, हे अडीचशे शब्दांत लिहावं. फॉर्म त्याच कचेरीच्या सहा नंबरच्या खिडकीवर द्यायचा होता. शेवटचा दिवस शनिवार, वेळ दुपारी तीनपर्यंत. पुढच्या वर्षी तिचं वय अटीच्या बाहेर जाणार होतं. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

मुलीनं निवेदन लिहिलं होतं, पाच ओळींचं. ते बाबांपुढे ठेवून ती एवढंच म्हणाली की एकदा नजर घाला. काकांनी नजर घातली आणि त्यांचा जीव खालीवर झाला. पाच ओळी? एवढ्यात तर ते 'सविनय सादर' म्हणून गिऱ्हाइकाला नुसतं दारात उभं करतात. तू यात पडू नकोस, म्हणाले, हे माझं काम आहे. एकतीस वर्षं मी दुसरं केलंय काय?

पहिला कागद दोन दिवसांत तयार झाला. तो जातीनं विनंती होता. अर्जदार ही एका सामान्य परंतु सचोटीच्या कुटुंबातील एकुलती एक कन्या असून घरची परिस्थिती बेताची आहे, वडिलांना मणक्याचा त्रास आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून अर्जदारास पदरात घ्यावे, अशी नम्र प्रार्थना. मुलीनं तो उभ्याउभ्या वाचला.

"बाबा, मला अकादमीत जायचंय. मला कोणी दत्तक घ्यायचं नाहीये."

काकांनी मान हलवली. बरोबर होतं, सूर जरा नरम लागला होता. म्हणून दुसरा कागद त्यांनी कडक केला. कडक म्हणजे काकांच्या हातून तक्रारच उतरते. वारंवार तोंडी व लेखी सूचना देऊनही आजतागायत मुलींना पुरेशी संधी मिळालेली नाही, ही बाब अत्यंत खेदजनक असून याची त्वरित दखल न घेतल्यास नाइलाजाने वरिष्ठांकडे दाद मागावी लागेल. हा बायकोनं वाचला. भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं कागदाचा कोपरा धरून ती म्हणाली की ज्यांच्या दारात जायचं त्यांच्यावरच फिर्याद ठोकायची, ही कुठली रीत? काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तिसरा कागद अर्थात प्रतिज्ञापत्र. मी शपथेवर लिहून देते की मला कोणतेही व्यसन, आजार, कर्ज अथवा भीती नाही. मुलीनं 'भीती' या शब्दावर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. गेल्याच आठवड्यात त्या भिंतीवर पाल निघाली म्हणून ती जेवणाचं ताट घेऊन जिन्यात जाऊन बसली होती. शपथेवर खोटं लिहिलं तर आत जायच्या आधीच कोर्ट मार्शल होईल, म्हणाली. मायलेकी इतक्या हसल्या की काकांनी कागद उचलला आणि ते गच्चीवर निघून गेले.

बायको थोड्या वेळानं चहा घेऊन वर आली. कप कठड्यावर ठेवून ती शेजारी उभी राहिली.

"लोकांची कामं एका फटक्यात करता," ती म्हणाली. "हिचंच बरं अडतंय. तीन कागद केलेत आणि तिन्ही वाचून कोणीही म्हणेल, नको बाई ही मुलगी. खरं सांगा, तिनं जायला नकोय ना तुम्हाला?"

काकांनी ते उडवून लावलं. काहीतरीच तुझं, म्हणाले. पण ती खाली गेल्यावर त्यांचा हात काही कपाकडे जाईना. नकोच होतं त्यांना. ती गेली की संध्याकाळी घरात कोण बोलणार, टाइपरायटरची रिबन बदलताना काळ्या झालेल्या बोटांवरून कोण चिडवणार, या विचारानं त्यांच्या छातीत दुखायचं, आणि ते मणक्याचं नव्हतं. आपण जाणूनबुजून वाईट लिहिलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. पण अजाणता लिहिलं असेल, तर ते कोणत्या तोंडानं नाकारणार? ते फार ओशाळले.

म्हणून चौथ्या कागदाला त्यांनी जिवाचं रान केलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. मुलगी म्हणत होती, आता देऊन टाकू या बाबा, आणि काका म्हणत होते, घाई कशाला, शनिवार आहे की. शनिवारी दुपारी एक वाजता कागद टाइपरायटरमधून बाहेर आला तेव्हा तो बघण्यासारखा होता. बरोबर अडीचशे शब्द, चारी बाजूंना सारखा समास, आणि आत शौर्य, धैर्य, त्याग, शिस्त, निष्ठा यांची नुसती खैरात. 'र' सुद्धा त्या दिवशी कमी उडत होता. वाईट एवढंच की ते निवेदन जगातल्या कोणत्याही मुलीचं असू शकलं असतं.

मुलगी आली, स्टुलावर बसली, तिनं वाचलं. चांगलं झालंय, म्हणाली. काकांनी नवा शर्ट घातला की त्यांची बायको याच आवाजात चांगला दिसतो म्हणते, आणि तो शर्ट मग दुसऱ्या दिवशी फडताळात मागे जातो. काकांना सगळं कळलं. पण वेळ उरला नव्हता. ते कागद फॉर्मला टाचणार, एवढ्यात शेजारून प्रिंटरवाला चष्मा कपाळावर चढवून वाकला.

"काका, ते खाली बारीक काय लिहिलंय?"

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की निवेदन उमेदवाराने स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावे, टंकलिखित निवेदन विचारात घेतले जाणार नाही. काकांनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या डोक्याच्या वर, छपराच्या खांबाला, त्यांनीच पंधरा वर्षांपूर्वी लावलेली पाटी आहे. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'खालचे बारीक अक्षर आधी वाचा.' त्या पाटीखाली बसून त्यांनी किती जणांना झापलं असेल त्याची गणती नाही. प्रिंटरवाल्यानं पाटीकडे पाहिलं, पण तो भला माणूस, चष्मा डोळ्यांवर घेऊन आपल्या प्रिंटरकडे वळला.

काका फॉर्म हातात धरून बसूनच राहिले. सव्वा वाजून गेला होता. मुलगी मात्र उठली, फाटकाशी गेली आणि शिपायाकडून चिठ्ठी घेऊन आली. अठ्ठावन्न. आत तेव्हा चौतीस नंबर चालू होता, आणि खिडकी बरोबर तीनला बंद होते. काकांनी मनातल्या मनात हिशेब मांडला आणि तो जुळेना. ते धावतच शिपायाकडे गेले. एकतीस वर्षांची ओळख, एवढं तरी करशील ना, म्हणाले. शिपाई कधीचा तयार होता. तो स्वतः टेबलापर्यंत आला आणि मुलीला म्हणाला, अगं नंबरवाले, तुला कसला नंबर? लिहून झालं की बाजूच्या दारानं ये, मी आहे.

"नको काका," मुलगी शिपायाला म्हणाली. "चिठ्ठ्या मीच कापल्यात."

शिपाई डोकं खाजवत परत गेला. काकांना मात्र राग आला, खरोखरचा राग. सगळ्या आयुष्याचा प्रश्न आणि ही पोरगी बिस्किटाच्या डब्याशी इमान राखत बसली आहे. खिडकी बंद झाली तर काय करशील, ते म्हणाले. ती म्हणाली, मग त्या म्हातारीसारखी परत जाईन. आणि कागद मागितला.

लिहायला टेबल हवं होतं. स्टुलावर बसून ते उंच पडतं, तेव्हा काका उठले आणि ती त्यांच्या खुर्चीत बसली. काका स्टुलावर आले. या स्टुलावर ते एकतीस वर्षांत कधी बसले नव्हते. त्याचा एक पाय आखूड आहे आणि माणूस त्यावर सारखा डगमगतो, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा समजलं. गिऱ्हाइकं चुळबुळ का करतात त्याचाही थोडा उलगडा झाला. समोर मुलगी कोऱ्या कागदाकडे बघत होती. काकांना वाटलं, आता काहीतरी सांगावं, निदान सुरुवात तरी. पण चार कागद वाया घालवलेल्या माणसानं काय सांगायचं? मग सवयीनं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते रोजचंच होतं.

"काय झालं?"

मुलीनं वर पाहिलं, हसली आणि लिहायला लागली. बराच वेळ लिहीत राहिली. पेन थांबलं तसं काकांनी दुसरं विचारलं, कोणी केलं. तिनं मान न उचलता दोन ओळी लिहिल्या. आतून शिपायाचा आवाज आला, सत्तेचाळीस. काकांनी तिसरा प्रश्न विचारला. काय हवंय? इथे सगळेच अडखळतात. ती अडखळली नाही. तिनं तीन ओळी लिहिल्या, खाली आपलं नाव घातलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे केला. एकदा नजर घाला, म्हणाली.

काकांनी वाचलं. तिनं लिहिलं होतं की माझे वडील सरकारी कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहितात आणि मी त्यांच्या टेबलाखाली वाढले. तिथून माणसांचे फक्त पाय दिसतात, आणि नुसत्या पायांवरून कोण मोठा, कोण छोटा ते ओळखता येत नाही. मी नऊ वर्षांची असताना एक म्हातारी आठ तास उभी राहून परत गेली, तिचे पाय मी पाहिले. म्हणून मी चिठ्ठ्या कापल्या. हे कोणी केलं असं विचाराल तर चिठ्ठ्या मी केल्या, पण कागद बाबांचा होता, आणि मला कोणीही तिथून हाकललं नाही. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली जागा होती. शेवटच्या ओळी अशा होत्या: 'मला तुमच्याकडे रांगेत उभं राहायची संधी हवी आहे. मी कमी पडले तर मला परत पाठवा. माझ्या घरात फेरविचाराचे अर्ज लिहिणारा पट्टीचा माणूस आहे, तरी मी अर्ज करणार नाही.'

काकांच्या हातात पेन होतं. 'आपली कृपाभिलाषी' हे दोन शब्द त्यांच्या बोटांच्या टोकाशी येऊन उभे राहिले होते, कारण त्यांच्याशिवाय काकांनी जन्मात एकही कागद संपवलेला नव्हता. त्यांनी पेनाला टोपण घातलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी प्रिंटरवाल्याकडे पाठ करून पुसले. सगळ्यात चांगली जागा, असं तिनं लिहिलं होतं. इतकी वर्षं आपण लाजत होतो ते कशाला, तेच त्यांना कळेना.

चिठ्ठीशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून काकांनी शिपायाकडून एक चिठ्ठी घेतली. शनिवारची दुपार, मुलीनंतर नवं कोणी आलंच नव्हतं, तेव्हा एकोणसाठ नंबर. मुलीच्या मागे ते रांगेत उभे राहिले. घड्याळात पावणेतीन, पुकारा पंचावन्नचा. छप्पन्न नंबरच्या बाईंना तीन ठिकाणी सह्या करायच्या होत्या आणि त्या प्रत्येक सहीआधी पेन झटकत होत्या. काकांना वाटलं, त्यांच्या हातातून पेन ओढून घ्यावं. सत्तावन्न नंबरचा माणूस चुकीच्या खिडकीवर आला होता, देव त्याचं भलं करो. तीनला सहा मिनिटं असताना अठ्ठावन्न पुकारला गेला.

खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म घेतला, पानं मोजली आणि निवेदनावर आला. तिथे त्यानं सवयीनं तो उडी मारणारा 'र' शोधला असावा, कारण तो थबकला. मग त्यानं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. खिडकीवर कोणी काही वाचत नसतं, हे काकांना चांगलं ठाऊक होतं. वाचून झाल्यावर त्यानं शिक्का मारला, पोचपावती मुलीच्या हातात दिली आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"एकोणसाठ," तो म्हणाला. "बोला अर्जकाका. काय हवंय?"

काका खिडकीशी आले. काय हवंय? हजारो माणसांना हा प्रश्न त्यांनी विचारला होता, त्यांना मात्र कोणी विचारला नव्हता. हवं तर होतं बरंच. ती जावी असं हवं होतं, जाऊ नये असंही हवं होतं, आणि दोन्ही एका कागदावर बसवता येईल असा अर्ज अजून त्यांच्या टाइपरायटरमधून निघालेला नव्हता. बाजूला मुलगी पावतीवरची शाई वाळावी म्हणून फुंकर घालत उभी होती. काकांनी हातातली चिठ्ठी कारकुनापुढे सरकवली.

"काही नाही," ते म्हणाले. "मी हिच्यामागे उभा होतो."